मंगळवारची सही

ताईंच्या खुब्याचं हाड मोडलं ते कारखान्यातच, वरच्या फळीवरचे पुठ्ठे काढताना. पुस्तकबांधणीचा कारखाना त्यांनी चाळीस वर्षं एकटीने चालवला होता. वय अडुसष्ट. पूर्ण भूल देऊन तीन तास ऑपरेशन झालं. पाय सांधला, पण डोकं काही दिवस ठिकाणावर राहिलं नाही.

घरी आल्यावरही चहाचा कप हातात धरून त्या चहा मागायच्या. दीड महिन्याने धुकं विरलं, तेव्हा वॉकर टेकत त्या कारखान्यात गेल्या. पाटीवर फक्त धाकट्या भावाचं नाव. ताईंची खुर्ची गायब. कटिंग मशीनवर बावीस वर्षं काम केलेला भाऊ ताईंच्या टेबलापाशी बसला होता.

"हे काय रे?"

"ताई, तूच नाही का कारखाना माझ्या नावे केलास? हॉस्पिटलात सही केलीस." मग कामाला असलेल्या दोन्ही बायकांना ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "भुलीने विसरायला होतं गं. डॉक्टरच म्हणाले."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण "असेल बाबा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"या वयात भूल आणि ऑपरेशनचा ताण, दोन्ही मेंदूला जड जातात," बाई म्हणाल्या. "काहींना भ्रम होतो. बहुतेकांचा हळूहळू उतरतो, तुमचा उतरलाय."

"आणि ते दिवस? ते आठवतील?"

"नाही बहुधा. मेंदूत नीट उमटलेच नाहीत, तर परत येणार कुठून?"

ताईंनी भ्रमाची नोंद असलेल्या केसपेपरची नक्कल मागून घेतली. पण कागदावर त्यांचं समाधान होणार नव्हतं. त्यांना भावाला त्याच्याच तोंडाने बुडवायचं होतं.

पुढचे तीन आठवडे त्यांनी वेड पांघरलं. भावाला वडिलांच्या नावाने हाक मारायच्या, एकच गोष्ट चारदा विचारायच्या. भाऊ निर्धास्त झाला. मग एका रविवारी त्यांनी त्याला जेवायला बोलावलं. थोरली बहीण होती, शाळेपासूनची मैत्रीण होती. मैत्रीण वकील होती, आणि जेवणावर आडवा हात मारत होती.

"अरे, मी हॉस्पिटलात काय काय बरळले ते सांग की यांना," ताई म्हणाल्या.

नकला करण्यात भावाचा हात कुणी धरला नसता. तो उठलाच. "नर्सला आई म्हणून हाक मारत होती! चादरीवरच्या मुंग्या वेचत होती, एक मुंगी नव्हती तिथे. मला म्हणते, काका, तुम्ही कोण?"

थोरली हसून हसून बेजार झाली.

"हे कधीचं रे?" ताईंनी विचारलं.

"ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसाचं, मंगळवारचं. सकाळपासून रात्रीपर्यंत तेच. मी होतो ना तिथे!"

वकीलबाईंनी हात पुसले आणि पर्समधून कारखान्याच्या त्या कागदाची नक्कल काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवला. "या सहीवरही मंगळवारचीच तारीख आहे. आणि वर लिहिलंय, 'पूर्ण शुद्धीत'."

भावाच्या तोंडचं पाणी पळालं. थोरलीचं हसू अर्ध्यावर थांबलं.

कागद रद्द झाला. "आता झालं गेलं विसर, त्याला कामावर तरी ठेव," थोरली म्हणाली. ताईंनी ऐकलं नाही. त्यांनी पाटी भावाच्याच हाताने उतरवून घेतली. माळ्यावरची खुर्ची त्यालाच आणायला लावली, पुसायलाही लावली. दोन्ही बायका काम सोडून बघत होत्या. ताईंनी त्यांना बघू दिलं. एवढं गोड त्यांना कित्येक महिन्यांत काही लागलं नव्हतं.

"उद्यापासून येऊ नकोस," त्या म्हणाल्या.

भाऊ दारात थबकला. "सही घेतली, चुकलो. पण आठ दिवस घासही मीच भरवला तुला. तू सलाइनची सुई उपटायचीस. सिस्टर तुझे हात बांधतो म्हणाल्या, मी बांधू दिले नाहीत. धरून बसलो. तेही विसरलीस?"

ताईंनी आठवून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं, ना घास, ना हात. खोटं बोलत असेल, नाहीतर खरंही असेल. वॉर्डातल्या सिस्टरला एक फोन केला असता तर कळलं असतं.

"मला काही आठवत नाही," ताई म्हणाल्या. तो गेला.

फोन त्यांनी कधीच केला नाही.