खात्याचं वजन

एकोणीसशे सत्त्याऐंशी साली वह्यांच्या कारखान्याच्या मालकाला कामगारांच्या तब्येतीची काळजी लागली. कागद तो गठ्ठ्यानं तोलायचा. माणसंही तशीच तोलली. बांधणी खात्याला एकदम कागदाच्या काट्यावर उभं केलं नि म्हणाला, "तीन महिन्यांत खात्याचं वजन उतरलं तर सगळ्यांना बोनस. नाहीतर कुणालाच नाही."

झालं! खातं पैलवानाच्या मागे हात धुऊन लागलं. पैलवान म्हणजे शिलाई यंत्रावरच्या वहिनीचा नवरा. देह अवाढव्य, स्वभाव गरीब गाईचा. कटिंगवाला त्याचा डबा त्याच्याच समोर बसून फस्त करायचा, इतरांनाही वाटायचा. एकदा पैलवान गोदामात पाव खाताना सापडला, तेव्हा चौघांनी त्याला आडवा पाडून घशात बोटं घातली.

"सोडा की ही नोकरी," घरी त्याचे ओरखडे पुसताना वहिनी म्हणायची.

"तुझीही जाणार आहेच. मग तिसऱ्याला काय खायला घालायचं?"

तिसरं वहिनीच्या पोटात होतं. दिवस गेलेल्या बाईला मालक कळताक्षणी काढून टाकायचा, म्हणून ती सैल कपड्यांत पोट लपवून यंत्रावर बसायची.

वजनाच्या दिवशी काटा तीन महिन्यांपूर्वीच्या खुणेच्या वरच थांबला. मालक मान हलवत निघून गेला.

"चोरून गिळतोस काय रे भोपळ्या!" कटिंगवाल्यानं लोखंडी पान्हा पैलवानाच्या तोंडावर हाणला. दात फरशीवर पडले. दुसरा घाव कानावर बसला. कोऱ्या कागदांवर रक्त उडालं. खाली कोसळलेल्याच्या बरगड्यांत लाथा बसू लागल्या. वहिनीनं तोंड उघडलं, तर पैलवानानं रक्ताळलेली मान हलवून तिला गप्प केलं.

पान्हा पुन्हा वर गेला. वह्यांचे पुठ्ठे ठोकायची मोगरी वहिनीच्या हाताशी होती. तिनं ती सगळ्या ताकदीनिशी कटिंगवाल्याच्या मनगटावर घातली. हाड कडकन मोडलं.

"वाढलेलं वजन माझ्या पोटात आहे, मेल्या!" ती किंचाळली. "आणि उरलेलं तुमच्या! त्याचा डबा कोण खात होतं?"

त्याच दिवशी मालकानं तिला काढलं. योजना मात्र चालूच ठेवली, फक्त माणसं एकेक करून तोलू लागला. कटिंगवाल्याचं मनगट वाकडं जुळलं. फाटकावर राखणदारी करतच तो म्हातारा झाला. वहिनीनं पुढं घरीच वह्या शिवल्या. पैलवान परत होता तसा जाड झाला, पण डावा कान गेला तो गेलाच. तेव्हा पोटात असलेली त्याची लेक त्याच्याशी बोलायची ती नेहमी उजवीकडे बसून, अगदी त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत.