सोमवार ते गुरुवार

नागावला नामाच्या वाडीत पैसे देऊन राहणारे पाहुणे शुक्रवारी दुपारी यायचे आणि रविवारी संध्याकाळी जायचे. त्यांच्या चारही खोल्यांना आतून कड्या होत्या. घरच्यांच्या खोलीला नव्हती. ते तीन दिवस बारावीतली अमिषा घावणे घालायची आणि तिचा बाप नामा पाहुण्यांदेखत तिला 'बाय माझी' म्हणायचा. मारायचा तो सोमवार ते गुरुवार, खोल्या रिकाम्या असताना. चादरीवरचा डागही कारणाला पुरे. आई सगुणा तेवढा वेळ विहिरीवर चादरी धूत बसायची. शेजाऱ्यांना ऐकू जायचं. बाप मारणार नाही तर काय पूजा करणार, असं म्हणून ते माडांना पाणी सोडत.

कॉलेजात एकदा प्रज्ञा आली होती, अलिबागच्या एका संस्थेची कार्यकर्ती. घरात धोका असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना संस्था राहायला सुरक्षित जागा देई, त्यांचं शिक्षण चालू ठेवी. मात्र मुलाने स्वतः हो म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, असा तिचा नियम होता. नियम चांगलाच होता. तास संपल्यावर अमिषाने तिला दंडावरचे वळ दाखवले.

प्रज्ञा घरी आली ती शनिवारी. इतर दिवशी तिला मुरुडकडची गावं असत. अंगणात पुण्याचे पाहुणे बसले होते. नामाने खुर्ची दिली, शहाळं सोलून दिलं, लेकीच्या हुशारीचं कौतुक केलं. सगुणा पदराला हात पुसत उभी होती. तिथेच, सगळ्यांसमोर, प्रज्ञाने विचारलं, "अमिषा, तुला आमची मदत हवी आहे का?"

अमिषाने बापाकडे नाही, आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे पाहत होती.

"न्हाय ताई. समदा बरा हाय."

"आमच्याकडं पाव्हन्याला पन माया लागते," नामा हसला. "ही तं लेक हाय."

प्रज्ञाने वहीत लिहिलं, 'मुलीने स्वेच्छेने नकार दिला.'

बुधवारी अमिषाला रुग्णालयात आणलं. माडाची झावळी पडली, असं नामाने सांगितलं. झावळी वरून पडली तर डोक्याला किंवा खांद्याला लागते. अमिषाचं करंगळीच्या बाजूचं हाड मनगट आणि कोपराच्या मधोमध मोडलं होतं. डोकं वाचवायला हात आडवा धरला की तेच मोडतं. डॉक्टरांनी नामाला बाहेर काढलं आणि अमिषाने सांगितलेल्या नंबरवर प्रज्ञाला बोलावून घेतलं.

प्रज्ञाने खोलीचं दार लावलं, आतून कडी घातली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

अमिषा कडीकडे बघत राहिली. "व्हय," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "ताई, शनवारी पन अशीच कडी घालून इचारला असता तर?"

प्रज्ञाने वही उघडली. तिने वहीतलं शनिवारचं वाक्य खोडलं नाही. खाली लिहिलं, 'हा प्रश्न मी बापाच्या अंगणात विचारला होता.'

प्लास्टर घातलेला हात सांभाळत अमिषा प्रज्ञाबरोबर निघाली, तेव्हा सगुणा रुग्णालयाच्या फाटकापर्यंत आली. तिला बरंच बोलायचं असावं. ती एवढंच म्हणाली, "परवा शुकरवार. घावनं कोन घालील?"

त्याच आठवड्यात पुण्याच्या पाहुण्यांनी नामाच्या वाडीला मोबाईलवर पाच तारे दिले. कुटुंब फार प्रेमळ आहे, असं त्यांनी लिहिलं. ते खोटं बोलत नव्हते. ते शुक्रवारी आले होते आणि रविवारी गेले होते.