चौकातल्या पोलिसाचं हसू

मैत्रीला सीमा नसतात, भाषा लागत नाही आणि पत्त्याची तर मुळीच गरज नसते, असं परदेशातल्या भाचीला ऐकवून वकील एकटाच तिच्या घराबाहेर पडला आणि तासाभराने त्या परक्या शहरातल्या एका अनोळखी बाईच्या स्वयंपाकघरात पाणी पीत बसला. बाई भली होती. तिने त्याच्या हातातली चिठ्ठी वाचली, त्याला दंडाला धरून रस्त्यापलीकडे नेलं आणि त्याच्या जुन्या मित्राच्या, घुम्याच्या, दारात उभं केलं. चुकून आपल्याकडे आलेलं पार्सल शेजाऱ्याला द्यावं तसं.

वकील हा काही वकील नव्हता. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाला होता. पण शाळेपासून कुणाचंही भांडण अंगावर घ्यायचा, म्हणून ते नाव चिकटलं. घुम्याला घुम्या का म्हणत, हे त्याच्याशी पाच मिनिटं बोलल्यावर, म्हणजे आपणच पाच मिनिटं बोलल्यावर, कुणालाही कळत असे.

"आलास," घुम्या म्हणाला. तीस वर्षांनी भेट होत होती. त्या मानाने हे भाषणच झालं.

वकील आज मोठा खटला घेऊन आला होता. मायदेशी त्याच्या शेजारचा ब्लॉक रिकामा झाला होता. बायको गेल्यापासून तो संध्याकाळी कुकरशी बोलत असे, आणि कुकर निदान मधूनमधून उत्तर तरी देई. त्या ब्लॉकमध्ये घुम्या राहायला आला की उरलेल्या संध्याकाळी मार्गी लागणार होत्या. मालकाला शब्द देऊन झाला होता, सोसायटीत बातमीही फुटली होती. फक्त घुम्याला विचारायचं राहिलं होतं, आणि उद्या रात्री परतीचं विमान होतं.

जेवताना त्याने बाजू मांडली. घुम्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याला आणखी भात वाढला.

"अरे, तुझं इथे आहे तरी कोण? बायको नाही, पोर नाही. थंडीत गुडघे धरतात. हो म्हणून टाक."

"बघू."

आता ह्यात बघायचं काय राहिलं, ह्या कुतूहलाने वकिलाला पछाडलं. हात धुण्याच्या निमित्ताने तो घरभर हिंडला. एक खाट, एक खुर्ची, एक छत्री. बाईमाणसाचा मागमूस नाही. टॉवेल शोधायला म्हणून त्याने एक खण ओढला, तर आतून दहा-बारा जबडे त्याच्याकडे बघून हसले.

"ते कामाचे आहेत," मागून घुम्या म्हणाला. तो दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देई. खिडकीशी त्याचं टेबल होतं. त्यावर मेण, प्लॅस्टरचे साचे आणि बारीक कानशी. "दुपारी मी चौकात बसतो. चल."

चौकात एका बाकावर दोघे बसले.

"रोज येतोस?"

"रोज."

समोर फुलं विकणारी बाई गिऱ्हाइकाशी बोलता बोलता हसली. घुम्या ताठ झाला, मान पुढे काढून बघत राहिला आणि मग समाधानाने मागे टेकला. वकिलाने मांडीवर थाप मारली. म्हणजे हे असं होतं तर.

"छुपा रुस्तुम निघालास लेका. किती वर्षं चाललंय हे?"

"सहा."

"मग लग्न का नाही केलंस?"

"तिचं झालंय. नवऱ्याची पण मीच केली. वरची."

वकिलाला काय बोलावं सुचेना. अशी संधी घुम्याला आयुष्यात मिळाली नव्हती. तो बोलू लागला.

"डॉक्टर साचा पाठवतो, माणूस नाही. चेहरा मी अंदाजाने धरतो. सगळे दात सरळ लावले की नकली दिसतात, म्हणून एक जरासा तिरका बसवतो. त्यावरून नंतर ओळखतो. कवळी कशी शोभते, ते बघायला नको? तो पाववाला, माझी. ती काठीवाली आजी, वरची-खालची दोन्ही माझ्या. छान हसते." मग त्याचा आवाज पडला. "तो पोलीस दिसतो ना, सिग्नलपाशी? त्याचीही माझीच, असं डॉक्टर म्हणाला. वर्ष झालं. अजून दिसली नाही. हसतच नाही तो."

"एवढंच अडलंय? तो हसला की येशील?"

घुम्याने विचार केला. "मग काय राहिलं."

वकील उठला आणि लाल दिवा असताना भर रस्त्यात शिरला. शिट्टी वाजली. पोलीस आला, त्याच्या भाषेत लांबलचक काहीतरी बोलला. वकिलाने शांतपणे मराठीत युक्तिवाद सुरू केला.

"हे बघा साहेब, दिवा लाल आहे हे आमच्या पक्षाला मान्य आहे. प्रश्न हेतूचा आहे."

पोलिसाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्याने हात पुढे केला. कागदपत्रं मागतोय हे ओळखून वकिलाने खिशातून पासपोर्ट म्हणून जे काढलं, तो भाचीच्या टीव्हीचा रिमोट निघाला. दोघेही त्याच्याकडे बघत राहिले. आता माघार घेणं वकिलाच्या स्वभावात नव्हतं. त्याने रिमोट सिग्नलकडे रोखून बटण दाबलं, आणि दिवा हिरवा झाला.

पोलीस हसला. आधी नाकातून, मग तोंड उघडून, पोट धरून.

वकील खटला जिंकल्यासारखा परत आला. घुम्या मात्र गंभीर होता.

"दिसली ना?"

"दिसली. उजवीकडून उंच झालीय. चावताना टोचत असणार बिचाऱ्याला. हसेल कसा?"

"मग?"

"नवी करावी लागेल."

"ती केल्यावर येशील?"

"ती कशी बसली, ते बघायला नको?"

वकिलाने मनाशी हिशेब केला. पोलिसानंतर आणखी कुणी असणार होतं, आणि त्याच्यानंतर आणखी कुणी. हा खटला कुठल्याच कोर्टात जिंकता येण्यासारखा नव्हता. बराच वेळ तो येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघत राहिला. मग तो घुम्याकडे वळला.

"ऐक. मी दावा मागे घेतो. मालकाला सांगतो, ब्लॉक दुसऱ्या कुणाला दे. आपण केलेलं काम जिथे रस्त्यावर हसत हिंडतं, तिथून माणसाने हलू नये. माझ्या संध्याकाळी जातील कशातरी. तू इथे आहेस आणि सुखात आहेस, एवढं मला पुरे आहे."

घुम्याने त्याचा हात हातात घेतला. घुम्याचे डोळे भरून आले होते.

"तुझं विमान उद्या रात्री आहे ना?"

"रात्री."

"मग सकाळी जरा येऊन जाशील? त्याला आणखी एकदा हसव. डावी बाजू नीट दिसली नाही."