भाषेने खाल्लेला दिवस

आम्ही ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो तिची नवीन आवृत्ती आली त्या दिवशी आमच्या खोलीत मी सोडून सगळे खूश होते. साहेबांनी बदलांची यादी भिंतीवरच्या पडद्यावर लावली होती आणि एकेक मुद्दा ते असा वाचत होते, जणू ही भाषा त्यांनीच घरी बसून दुरुस्त केली होती. प्रोग्राम दुपटीने वेगात चालणार. काही चुकलं तर भाषा नुसती अडून बसणार नाही, कुठल्या ओळीत काय चुकलं ते नीट सांगणार. वर्षानुवर्षं रेंगाळलेले दोष काढून टाकलेले.

"दुपटीने कशी?" मी विचारलं.

"कशी म्हणजे?"

"तेच काम, तेच मशीन. मग निम्म्या वेळात होतंय, तर मधलं काय गाळतेय ती?"

खोलीत खसखस पिकली. मला इथे शंकासुर म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण चहाच्या मशीनपाशी बोललेलं कुठपर्यंत ऐकू येतं याचा त्यांना अंदाज नाही. म्हणोत बापडे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि या धंद्यात माझं तोंड इतक्यांदा पोळलंय की आता मी पाणीसुद्धा फुंकते.

आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीचा प्रोग्राम सांभाळतो. तो ज्या भाषेत लिहिलाय, तिची ही नवी आवृत्ती. काम तसं साधं आहे. पिशवी भरून आली की टेक्निशियन तारीख टाकतो, प्रोग्राम ती कधीपर्यंत वापरायची ते मोजतो आणि लेबल छापतो. प्लेटलेटच्या पिशव्या पाच दिवसांच्या सोबती. त्या फ्रिजमध्ये ठेवता येत नाहीत, खोलीतच एका सतत डुलणाऱ्या ट्रेवर ठेवतात, आणि मुदत टळली की आत जंतू वाढायचा धोका असतो. धडधाकट माणूस कदाचित निभावून नेईल. ज्याच्या अंगात प्रतिकाराची ताकदच उरली नाही, त्याच्या ते जिवावर बेतू शकतं.

असं एक माणूस अंगण ओलांडून समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर झोपलं होतं. माझी धाकटी बहीण. रक्ताचा आजार, त्यावरची जहाल औषधं, आणि त्या औषधांमुळे शरीरात प्लेटलेट बनायच्या थांबलेल्या. आठवड्यातून दोन-तीनदा तिला पिशवी चढवायचे. म्हणजे आमचा प्रोग्राम जे लेबल छापणार, ते फिरून माझ्याच बहिणीच्या उशाशी लटकणार. आता मी शंका घ्यायची नाही तर कोणी घ्यायची?

यादीत एका मुद्द्यावर मात्र मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. या भाषेला एक जुनी खोड होती. "अमुक तारखेच्या पुढे इतके दिवस मोज" म्हटलं की ती शेवटचा दिवस गिळून टाकायची. पाच म्हटले की चारच मोजायची. आमच्या खोलीत तर ती म्हणच झाली होती. कुणाची रजा कापली गेली की आम्ही म्हणायचो, "भाषेने खाल्ला रे तुझा दिवस!" नव्या आवृत्तीत ही खोड मोडली होती.

"आता उपाशी राहील बिचारी," साहेब म्हणाले, आणि सगळ्यांबरोबर मीही हसले.

बुधवारी सकाळी नवी आवृत्ती सुरू झाली. तपासण्या सगळ्या हिरव्या होत्या. तपासण्या म्हणजे आम्ही प्रोग्रामला विचारायचे ठरलेले प्रश्न. त्यांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली असतात. जुळलं की हिरवा दिवा, नाही जुळलं की लाल. हे काम ज्याच्याकडे होतं तो आमचा हरकतनाही. काहीही विचारा, "हरकत नाही" म्हणूनच सुरुवात करतो.

"सगळ्या हिरव्या? पहिल्याच फटक्यात?"

"हरकत नाही ना, मॅडम, हिरव्याच आहेत," तो म्हणाला आणि स्क्रीनकडे वळला. जरा जास्तच पटकन वळला. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग मी सुतावरून स्वर्ग गाठत सुटले. लेबलं फार झटझट छापली जाताहेत म्हणून रक्तपेढीत फोन केला, टेक्निशियनला छपाई थांबवायला लावली. काही निघालं नाही. स्क्रीनवर कसलीशी नवी सूचना दिसली म्हणून पुन्हा फोन. ती सूचना प्रिंटरमधला कागद संपत आल्याची होती. पूर्वी भाषा हे सांगत नव्हती, आता सांगायला लागली होती, एवढंच. तिसऱ्यांदा अक्षरं पुसट वाटली म्हणून मी स्वतः खाली गेले. टेक्निशियनने माझ्या देखत शाई बदलली आणि म्हणाला, "मॅडम, अजून काही? की आज एवढंच?" लांडगा आला रे आला, याची आमच्याकडची आवृत्ती मीच चालवत होते.

धाकटीकडे मी रोज जेवणाच्या सुट्टीत जायची. तिच्याशी बोलायची माझी एक रीत ठरलेली होती. ती लहानपणापासून दुखणं लपवणारी. पाय मुरगळून सुजला तरी "काही नाही गं" म्हणणारी. म्हणून ती जे सांगेल त्यातून मी दोन पायऱ्या उतरायची. "मस्त" म्हणाली की बरी आहे. "बरी" म्हणाली की त्रास होतोय. एकदा "जरा थकलेय" म्हणाली होती, तेव्हा तिला ताप भरून हुडहुडी आली होती. आईही असंच करायची. आमच्या घरात ही वजाबाकी कुणी कुणाला शिकवली नाही, सगळ्यांना येते.

पुढच्या मंगळवारी गेले तर ती उशीला टेकून बसली होती.

"कशी आहेस?"

"आज थोडी थकलेय, ताई."

थोडी थकलेय म्हणजे दोन पायऱ्या खाली काय, याचा विचारच नको. मी नर्सला हाक मारली. नर्स येईपर्यंत धीर धरवेना, तर बाहेर जाऊन डॉक्टरांनाच दंडाला धरून आणलं. त्यांनी नाडी पाहिली, ताप पाहिला, डोळे पाहिले.

"थोड्या थकल्यात," डॉक्टर म्हणाले.

"ते मला कळतंय हो, पण..."

"पण काही नाही. थोड्याच थकल्यात. दुपारी पिशवी चढवली की बरं वाटेल." ते निघून गेले आणि त्यांच्यामागे नर्सही, ओठ दाबून.

धाकटी माझ्याकडे बघत होती. ती चिडली की तिचे कान लाल होतात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या पांढऱ्या चेहऱ्यावर मला रंग दिसला.

"ताई, हे काय होतं?"

"अगं, तू म्हणालीस थकलेय..."

"थोडी थकलेय म्हणाले, कारण थोडी थकलेय! डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात मला झापलं. म्हणाले, तुमच्या सांगण्यावर आम्ही औषध ठरवतो, खरं काय ते सांगा. तेव्हापासून मी खरं सांगते. आणि तू अजून तुझी ती वजाबाकी करतेस! मी सुधारले, पण तुझा हिशोब जुनाच."

"बरं बाई, चुकलं," मी म्हणाले आणि तिचं पांघरूण सारखं करायला वाकले. अर्ध्यात हात थांबला.

ती सुधारली, पण माझा हिशोब जुनाच.

भाषा दिवस खायची तेव्हा त्याचा बंदोबस्तही केलेला होताच. नाहीतर आमची लेबलं इतकी वर्षं बरोबर कशी आली असती? आमच्याकडच्या पहिल्या प्रोग्रामरने, ज्यांना सगळे गुरुजी म्हणायचे, तो केला होता, आणि तो काय होता हे खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. भाषा एक खाते ना, मग आपण तिला एक जास्त द्यायचा. पाच हवेत तर सहा सांगायचे. भाषेने खाणं सोडलं, आणि आम्ही सहाच वाढत होतो. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मी संशय घेतला होता; ज्या एका मुद्द्यावर घ्यायचा, तिथे टाळ्या पिटल्या.

मी अंगणातून धावत आले. माझ्या वयाची बाई धावली की लोक वळून बघतात. हरकतनाही डबा उघडत होता. त्याला बाजूला सारून मी ती ओळ काढली. सहा. तशीच बसलेली होती, निर्धास्त.

"ही तपासणी लाल आली होती की नाही?"

त्याचा चेहरा पडला. "आली होती. एक दिवस जास्त दाखवत होती. पण यादीत लिहिलंच होतं ना मॅडम, की आधी एक दिवस कमी यायचा, तो दोष काढलाय. मला वाटलं, म्हणजे नवं उत्तरच बरोबर. मी जुनं उत्तर बदलून नवं टाकलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आठवडाभर काही सुरूच होऊ दिलं नसतं."

त्याच्यावर ओरडायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो शेवटचं वाक्य खोटं बोलत नव्हता. मी रक्तपेढीत फोन लावला.

"दुसऱ्या मजल्यावरची आजची प्लेटलेटची पिशवी थांबवा. मुदत काल संपली."

"मॅडम," टेक्निशियन अगदी शांतपणे म्हणाला, "लेबलवर आजची तारीख आहे. मंगळवार. आज मंगळवारच आहे."

"लेबल चुकलंय!"

"परवा अक्षरं चुकली होती. त्याआधी वेग चुकला होता."

"अहो, पिशवी भरली कधी?"

"बुधवारी. आणि ती वर गेलीसुद्धा."

"तुम्ही बोटांवर मोजा. लेबल बघू नका, बुधवार सोडून गुरुवारपासून नुसती पाच बोटं मोजा!" एवढं ओरडून मी फोन टाकला आणि पुन्हा पळाले.

वॉर्डात पोचले तेव्हा नर्सने पिशवी स्टँडला अडकवली होती. आतलं ते फिकट पिवळं पाणी, किती निरुपद्रवी दिसतं. नळी जोडायची तेवढी बाकी होती.

"लावू नका," मी म्हणाले. धाप लागल्यामुळे ते कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले, "ती लावू नका."

नर्सने लेबल वाचलं, हातातल्या कागदाशी ताडून पाहिलं. "सगळं बरोबर आहे, ताई. तुम्ही बसा बरं, पाणी प्या." तिचंही काही चुकत नव्हतं. मघाशीच मी थोड्याशा थकव्यासाठी अख्खा मजला डोक्यावर घेतला होता. तिने धाकटीचा हात हातात घेतला.

मी धाकटीकडे पाहिलं. आता सगळं तिच्यावर होतं, आणि तिचाही माझ्याबाबतचा हिशोब मला माहीत होता. तिने मला कितीदा हसत ऐकवला होता: ताई घाबरली की दहाने भागायचं, उरेल तेवढंच खरं.

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. आणि नर्सच्या हातातून आपला हात काढून घेऊन पांघरुणाखाली घातला.

"थांबा," ती म्हणाली. "ताई सांगतेय ना."

"अहो, पण लेबल..."

"मला नाही लावून घ्यायची. खाली विचारा आधी."

नर्सने सुस्कारा सोडला आणि फोनकडे निघाली. ती पोचायच्या आत फोनच वाजला. तिने उचलला, ऐकलं, आणि परत येऊन पिशवी स्टँडवरून उतरवली. टेक्निशियनने बोटं मोजली होती.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. ट्रेवरच्या सगळ्या पिशव्यांची लेबलं हाताने बदलली गेली. साहेबांनी चौकशी केली; आदल्या दिवसापर्यंत खरी मुदत संपलेली पिशवी एकच होती, आणि ती परत आली होती. आमच्या प्रोग्राममध्ये सहाचे पाच झाले. हरकतनाही दुपारभर हरकत नाही म्हणाला नाही. जाताना माझ्या टेबलापाशी घुटमळला. "मॅडम, यापुढे लाल आलं की तुम्हाला सांगत जाईन," म्हणाला. "आणि मी तुला खाऊन टाकणार नाही," मी म्हणाले. दोघांनाही ते जमेल की नाही, शंकाच आहे.

ताजी पिशवी संध्याकाळी आली. तिचं लेबल मी वाचलं, नर्सने वाचलं, मग धाकटीनेही मागून घेऊन वाचलं आणि बोटांवर मोजलं. थेंब पडायला लागले. मी खुर्ची ओढून बसले.

"आता विचार," ती म्हणाली.

"काय?"

"रोज विचारतेस ते."

"कशी आहेस?"

ती थेंबांकडे बघत राहिली. "भीती वाटतेय, ताई. खूप."

माझं मन सवयीने पायऱ्या उतरायला निघालं होतं. मी त्याला तिथेच धरलं. सगळं ठीक होणार आहे, वेडाबाई, हे माझं नेहमीचं वाक्यही ओठांवर आलं होतं. तेही गिळलं.

"मलाही," मी म्हणाले.

तिने पांघरुणाखालचा मोकळा हात बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला.