धार न लावलेली झाडं

मूळ फाइल

खोड. खोडावर साल. सालीला भेगा असणार असं धरून चालायचं, कारण दिसत नाहीत. फोकस मागच्या फांदीवर गेलाय. फांदीवरही नाही, तिच्या मागे, जिथे काहीच नाही, नुसती हवा आहे. हवा मात्र झकास आली आहे.

तिने फाइल बंद केली. पुढची उघडली. तीही तशीच.

पोत

नवरा झाडांत जातो, फोटो काढतो, कार्ड तिच्या टेबलावर ठेवतो. पुढचं ती बघते. अशी वाटणी लग्नानंतर लवकरच झाली आणि कोणी कोणाला विचारलं नाही.

फोटो झाडांचेच, पण झाड ओळखू येणार नाही इतक्या जवळून. सालीचा पोत. दोन खोडांमधली फट. कुजलेल्या ओंडक्याचा एक वीतभर तुकडा, जो भिंतीवर टांगला की सुकलेली नदी वाटतो. या फोटोंतल्या कडेने बोट कापेल, असं कोणीतरी एकदा म्हणालं होतं. ते वाक्य तो अजून चघळतो.

ती कड तिची.

स्क्रीनवर फोटो इतका मोठा करायचा की चौकोनच उरतात. मग बारीक ब्रश घेऊन भेगेच्या काठाने जायचं. कड म्हणजे तरी काय, उजेडाला लागून अंधार. उजेड किंचित वाढवायचा, अंधार किंचित वाढवायचा, डोळा फसतो. शार्पनेसचा स्लायडर ओढला की हेच एका क्षणात होतं, पण मग कडेला पांढरा दोरा शिवल्यासारखी रेघ येते आणि जाणकाराला चोरी कळते. म्हणून हाताने. एकेक भेग. नेम चुकला असेल तर शेजारच्या फोटोतली साल आणून ठिगळ लावायचं. ठिगळ कळू नये म्हणून त्यावर पुन्हा पोत.

आधी त्याचा नेम बोटभर चुकायचा. मग हातभर. आता एका झाडाने चुकतो.

कॅमेऱ्याला फोकस करू द्या, असं ती एकदा म्हणाली होती.

"दुसऱ्याच्या दातांनी चावू?" तो म्हणाला. त्याची लेन्स जुनी, हाताने फिरवायची. तिच्यावर त्याची सगळी ऐट.

तो आता बोलताना तिच्या कानाकडे बघतो. मोबाइल पक्ष्यासारखी मान तिरकी करून वाचतो. गेल्या वर्षी ती म्हणाली, "डोळे दाखवून येऊ या का एकदा?"

"का? तुला दिसत नाही का नीट?"

तिला एकच वाक्य हवं होतं. मला दिसत नाही. एवढंच, स्वयंपाकघरात, हळू आवाजात म्हटलं असतं तरी चाललं असतं. मग तिने मरेपर्यंत त्याच्या भेगा कोरल्या असत्या आणि कोणाला पत्ता लागू दिला नसता.

रविवार

रविवारी बाहेरच्या खोलीत त्याचे शिष्य जमतात. टीव्हीवर एकेकाचा फोटो लागतो आणि सर तो सोलतात. सरांची पद्धत अशी: "आधी तुम्हीच सांगा, काय काढलंय." समोरचा सांगतो. त्यातूनच सरांना कळतं काय काढलंय. मग ते म्हणतात, "कड मऊ आहे." नवशिक्याची कड मऊच असते. सर कधी चुकत नाहीत.

त्या दिवशी पाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. गटात सगळ्यात नवीन, पण फोटो बरा होता.

"पेशंटचे दात असेच अर्धवट सोडता का?"

"नाही सर."

"मग झाडाने काय पाप केलंय?"

सगळे हसले. बाईही हसल्या. मग त्यांनी विचारलं, अगदी साधेपणाने, "सर, तुमचं एडिटिंग कोण करतं?"

चहाचा ट्रे घेऊन ती दारातच उभी होती.

"एडिटिंग कसलं? ही बटणं दाबते. तीही मी सांगीन ती." त्याने ट्रेच्या खुळखुळाटाकडे हात केला. "ज्याला अक्कल नाही त्याला जे काम द्यावं ते. भांडी विसळली म्हणून कोणी स्वयंपाकाचं कौतुक करतं का हो?"

पुन्हा हसले. डॉक्टरीणबाई थोड्या उशिरा हसल्या.

अनडू

त्याच्या आठवणीत हा प्रसंग असा आहे: शिष्यांसमोर त्याने बायकोची ओळख करून दिली. चहा छान होता.

रीडू

भांडी विसळली म्हणून कोणी.

प्रिंट

महिन्याने त्याचं एकट्याचं प्रदर्शन होतं. असं मोठं दालन त्याला पहिल्यांदाच मिळत होतं आणि या वयात दुसऱ्यांदा मिळण्याची आशा नव्हती. फोटो त्याने निवडले, म्हणजे तिने नावं वाचली आणि त्याने मान हलवली.

तिने एकाही फोटोला हात लावला नाही. कार्डातून जसे निघाले तसे छापून आणले, पुरुषभर उंचीचे.

"झाले?"

"झाले."

"धार आहे ना?"

"तुम्ही दिलीत तेवढी आहे."

त्याने एक प्रिंट समासाला धरून खिडकीकडे कलवली, मान तिरकी केली, कागदावरून अंगठा फिरवला. "वा," तो म्हणाला. "ही साल बघ कशी आली आहे."

ती बघत होती. राखाडी, त्यात तपकिरी, त्यात काही नाही.

"आली आहे खरी," ती म्हणाली. कबुलीचं दार तिने अजूनही उघडं ठेवलं होतं. तो त्या दारातून आला नाही, जेवायला बसला.

दालन

उद्घाटनाला माणसं बरीच. ती त्याच्या कोपराशी. प्रत्येक फोटोपुढे तो ओठ न हलवता विचारी, "हा कुठला?" ती खरं सांगे. "फट." "ओंडका." "जुन्या झाडाची साल."

आणि तो वळून लोकांना सांगे, "या भेगा बघा. एकेक मोजून घ्या. मुंगी चालली तर तिचे पाय अडकतील."

लोक बघत. मोजायला काही नव्हतं. कोणी मागे सरकून बघितलं, कोणी पुढे होऊन. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सर, भेगा कुठल्या म्हणालात?"

"तुम्हाला कीडच शोधायची सवय."

हशा झाला, पण तोंडदेखला. कोणीतरी खोकलं. खोली आता कोणत्याही क्षणी सगळं ओळखणार, हे तिच्या अंगावर काट्यासारखं आलं, आणि तिला ते आवडलं.

तेवढ्यात दालनाचा मालक पुढे झाला. विकण्याचा धंदा त्याचा, शांतता त्याला परवडत नाही. "हेच तर," तो म्हणाला. "आयुष्यभर ज्यांनी धार दिली त्यांनी धारच टाकून दिली. कड नाही, झाड नाही, फक्त पोत. अमूर्त. या वयात असं धाडस करायला छाती लागते."

अमूर्त हा शब्द त्या कोपऱ्यातून या कोपऱ्यात गेला आणि जाता जाता माणसांचे खांदे सैल करत गेला. ज्याला त्याला सुटल्यासारखं झालं.

तो मात्र थिजला. प्रिंटकडे वळला. मान तिरकी, मग दुसरीकडे तिरकी. त्याला कळलं. कळताना त्याचा चेहरा कसा होतो ते तिने निवांत बघून घेतलं.

मग तो लोकांकडे फिरला. हसला.

"चला, लक्षात आलं एकदाचं. मी म्हटलं, भेगा मोजा म्हणून किती वेळ चेष्टा करायची." टाळ्या. "अहो, धार काय, कोणीही लावतं. ही वर्षानुवर्षं लावत बसायची. शेवटी मी म्हटलं, पुरे. हात नको लावूस. तिला अजून पटलेलं नाही. विचारा."

सगळे तिच्याकडे बघून हसले, मायेने.

काय ठेवलं त्याने तिच्याकडे? फोटो त्याचा, धार त्याची, धार नसणंही त्याचंच.

समास

एका गृहस्थांनी सगळ्यात मोठी प्रिंट घेतली. मालकाने शेजारी विकल्याची लाल टिकली लावली. प्रिंट टेबलावर आडवी ठेवली, पांढऱ्या चादरीवर पांढरा समास, आणि गृहस्थ म्हणाले, "सर, खाली कोपऱ्यात सही द्या."

भोवती कोंडाळं. त्याने पेन घेतलं. डाव्या हाताने कड शोधू लागला, जणू कागदाचा पोत पाहतोय.

"कोपरा कुठे?" ओठ न हलवता.

"कसला?"

"कागदाचा."

"समोरच आहे की."

त्याने पेन टेकवलं. पहिलं अक्षर उमटलं, शाई पसरली.

"सर, ती चादर आहे," गृहस्थ म्हणाले.

"हात धर माझा."

"कशाला?"

"अगं, धर ना."

"कशाला ते सांगा."

तो टेबलाकडे बघत राहिला, म्हणजे टेबलाच्या जरा पलीकडे. "मला दिसत नाही," तो म्हणाला.

इतकी वर्षं तिला वाटत होतं, हे ऐकलं की आत काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही.

"मोठ्यानं."

"लोक आहेत."

"म्हणूनच."

त्याने मोठ्यानं सांगितलं. दाराशी उभे होते त्यांनाही ऐकू गेलं.

"काय दिसत नाही?" ती म्हणाली. रविवारी तो विचारतो तसंच, सगळ्यांना नीट कळावं म्हणून.

"मधलं. ज्याच्याकडे बघतो तेच नसतं. बाजूचं दिसतं थोडं."

"मी दिसते?"

"तुझा कान दिसतो."

मग त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि तिला विचारलं, "कसे आहेत हे?" असं त्याने तिला आजवर कधी विचारलं नव्हतं.

"धूसर."

"सगळे?"

"सगळे."

गृहस्थांनी त्याच्या बोटांतून पेन हलकेच काढून घेतलं आणि टोपण लावलं. "घरी भिंत मोजतो आणि कळवतो," ते म्हणाले. मालक पाठमोरा होऊन नखाने लाल टिकली खरवडत होता. अमूर्त शब्द पुन्हा कोणी काढला नाही. माणसं आता फोटोंकडे बघत नव्हती. सगळी त्याच्या डोळ्यांकडे बघत होती, अगदी समोरून, निर्धास्त, कारण त्याला ते दिसणार नव्हतं.

डॉक्टरीणबाई जवळ आल्या. "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग आधी का नाही..."

"त्यांनी सांगितलं नव्हतं."

 बाईंनी तिची पर्स तिच्या हातात दिली.

तिने त्याचं कोपर धरलं. त्याने तिचा हात घट्ट पकडला, सगळा भार टाकून, लहान मूल टाकतं तसा. दारापर्यंतची फरशी एकसारखी होती, गुळगुळीत, नुकतीच पुसलेली. दोन्ही बाजूंनी माणसं सरकून वाट देत होती.

"जपून," ती म्हणाली. "पायरी आहे."

पायरी नव्हती. त्याने पाय उंच उचलला.