तळाला सोडलेला पाइप

"माझं औषध नेलंस ते मुकाट्यानं आणून दे!" थोरल्यानं कुंपणावरून आरोळी ठोकली, तशी उतारावरच्या घरातून धाकटा भाऊ बाहेर आला.

"कसलं औषध?"

"फवारणीचं! पिंप काठोकाठ भरत आलं होतं. पाठीवरचा पंप आणायला घरात गेलो, तेवढ्यात निम्मं झालं. पिंपाला पाय फुटले काय?"

"मला तुझं औषध काय करायचंय? माझ्या रानात फवारायला आहे काय?"

"चोराच्या उलट्या बोंबा!"

शेजारीपाजारी कामं टाकून कान देऊन उभे. भावांचं भांडण म्हणजे फुकटचा तमाशा, कोण सोडतो? शेवटी म्हातारा बाप धाकट्याच्या ओसरीवरून ओरडला, "अरे, लाज सोडली काय दोघांनी? सूनबाई, पाणी आण गं, घसा सुकला माझा." सून तांब्या घेऊन नळाकडे गेली, आणि थोरला पुटपुटत माघारी वळला.

दोन्ही घरांना नळ एकच. वाटणी झाली तेव्हा म्हाताऱ्यानंच त्याला दोन फाटे काढून दिले होते, एक थोरल्याच्या वरच्या अंगणात, एक धाकट्याच्या खालच्या. "चुली वेगळ्या करा, पण पाणी तरी एक राहू द्या," म्हणाला होता. आणि पिंप भरायची रीतही त्याचीच. वरून धार पडली की औषधाला फेस येतो, फेस उतू जातो, म्हणून पाइप तळाला सोडायचा. सगळं गाव तसंच करायचं.

दुपारी म्हाताऱ्याला उलट्या सुटल्या. तोंडाला फेस आला. धाकट्यानं गाडीत घालून दवाखान्यात नेलं, पण उजाडायच्या आत खेळ आटोपला. डॉक्टर म्हणाले, "फवारणीचं औषध पोटात गेलंय."

झालं! सकाळचं भांडण साऱ्या आळीनं ऐकलं होतं. औषध चोरीला गेलं आणि त्याच दिवशी म्हाताऱ्याच्या पोटात सापडलं. दोन अधिक दोन करायला अक्कल कशाला लागते? पाणी कुणी दिलं? सुनेनं. चौकशीला माणसं आली, तिला उलटसुलट विचारून गेली. पुरावा मिळाला नाही, पण गावाला पुरावा लागतो कुठं? बायका तिला बघून पदर सावरून बाजूला व्हायला लागल्या. तिच्या हातचं पाणी कुणी घेईना. नवराही स्वतःच्या हातानं भरून प्यायला लागला, तेव्हा मात्र ती मोडली. माहेरी जायचं म्हणून तिनं बोचकं बांधून ठेवलं.

थोरल्याला याचं वाईट वाटलं काय? छे! बापाच्या दुःखानं तो आतून पोखरला होता, आणि दुःखाला कुणीतरी दोषी लागतो. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी अवदसा!" असं तो तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचा.

टोमॅटोवर पुन्हा कीड पडली. थोरल्यानं पिंपात औषध ओतलं, पाइप तळाला सोडला, नळ चालू केला. या वेळी राखण करायची म्हणून पिंपाशीच उकिडवा बसला. पिंप भरत आलं आणि नळाला येणारं पाणीच गेलं. थोडा वेळ गेला. मग पिंपात गुरगुर झाली.

त्यानं वाकून पाहिलं. पांढरं पाणी हळूहळू खाली चाललं होतं. अंगणात ना माणूस, ना चोर. पिंपाला कुठं भोक नव्हतं. त्यानं पाइपाचं तोंड वर ओढून तळहात लावला, तर पाइपानं हात ओढून धरला.

खाली, उताराच्या अंगणात, नळाखाली भांडं वाजलं.

थोरला कुंपण तुडवून पळत सुटला. "बंद कर! नळ बंद कर गं!"

धाकटी सून घाबरून भिंतीला टेकली. मारायलाच आला असं तिला वाटलं. त्यानं नळ पिळला, कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिच्यापुढं धरलं. पांढुरकं पाणी. तोच उग्र वास.

"पाणी जाताना असं गढूळ येतंच की, भावजी," ती म्हणाली. मग वास तिच्या नाकात शिरला, आणि तिची नजर वरच्या अंगणातल्या पिंपाकडे गेली.

"औषध चोरीला गेलंच नव्हतं," थोरला म्हणाला. "पाणी गेल्यावर तुमच्या खालच्या नळानं ओढून घेतलं. माझ्या पिंपातनं. त्या दिवशीही."

तिनं कळशी दूर सारली. "मामंजींनी पाणी मागितलं... मी याच नळाचा तांब्या भरला. सर्दीनं माझं नाक बंद होतं. म्हणजे मीच पाजलं?"

"नाही गं बाई, मी पाजलं. आणि वर तुझ्या नावानं बोंब मारली."

धाकटा दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं कोपऱ्यातलं बोचकं उचललं आणि कुणाकडं न बघता एकेक लुगडं परत फळीवर ठेवत राहिला. धाकटीनं कळशी अंगणात उपडी केली. माफ केलं असं मात्र नाही.

थोरला त्याच पावली गावात निघाला. दारोदार उभं राहून एकच सांगितलं, "बापाला मी मारलं. सुनेनं नाही." एक म्हातारी म्हणाली, "पाइप तर आम्हीही तळालाच सोडतो रे." त्या संध्याकाळी आळीतल्या बऱ्याच पिंपांतून पाइप बाहेर निघाले.

थोरल्यानं पिंपाशेजारी वर फाटा फुटलेलं दुबेळकं लाकूड रोवलंय. त्यात पाइप अडकवतो, पिंपाच्या काठापासून चांगला वीतभर वर. वरून धार पडते, फेस चढतो, पिंपाबाहेर सांडतो. मग फेस बसेपर्यंत तो तिथंच बसून राहतो. फार वेळ लागतो त्याला. पाइप तळाला सोडून म्हाताऱ्याला तेवढाच वेळ वाचवायचा होता.