कातरलेली पळी

मी पळी बोलतेय. घरातली आमटी ढवळणारी नव्हे, पंगतीत वरण वाढणारी मोठी पितळी पळी. माझं तोंड आज अर्धं दिसतं, ते झिजून नाही. ते कातरलेलं आहे. ज्यांच्यामुळे ते कातरावं लागलं, त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

आखाडा बाळापूरच्या तांबटानं मला घडवलं. जवळच्याच एका वस्तीनं मला घेतलं आणि लग्नकार्याच्या भांड्यांबरोबर विहारात ठेवलं. मी सगळ्यांची होते, म्हणजे कुणाच्याही हाती सापडत होते.

बहात्तरच्या दुष्काळात विहारासमोर मी लेकरांना मिलोची, म्हणजे सरकारनं वाटलेल्या लाल ज्वारीची, पातळ कण्णी वाढायची. लेकरांचं सोडाच, खडी फोडून आलेला वस्तीतला मुंजाजीसुद्धा मला बोटानं निपटून चाटायचा. थेंब सांडला तर बायका हळहळायच्या. मला वाटलं, ही माणसं आता अन्न कधी टाकणार नाहीत. काय खुळी मी!

पुढं पाऊसपाणी बरं झालं आणि त्याच मुंजाजीच्या पोरीचं लग्न निघालं. नवऱ्याकडचे पाहुणे पंगतीला बसले आणि मुंजाजी मला घेऊन असा सुटला की विचारू नका. पाहुणा पत्रावळीवर हात आडवा धरतोय, नको नको म्हणतोय, आणि हा त्याच्या बोटांवरून ऊन वरण ओततोय! पाहुणेही काही कमी नव्हते. पान निपटून खाल्लं तर लोक उपाशी समजतील, म्हणून भाताचे ढीग, बुंदी, अख्ख्या पुऱ्या टाकून मिशा पुसत उठले. सगळं उकिरड्यावर गेलं. शेवटी शेवटी कुत्रीसुद्धा नुसतं हुंगून जात होती.

शेवटची पंगत स्वयंपाक करणाऱ्या बायकांची. जनकाबाई पहाटेपासून चुलीपाशी होती. तिची सून चांगुणा अंगावरचं लेकरू मांडीवर घेऊन पुऱ्या लाटत होती. ती पानावर बसली. जनकाबाईनं मला पातेल्यात घातलं, तर मी नुसतीच बुडाशी खरखरले.

"मुंजाजी, लेकुरवाळी उपाशी हाय. काय वाढू हिला?"

"वैनी, पाव्हन्यायला कमी पडलं असतं तर माही इज्जत गेली असती."

"आन् हिला कमी पडलं त्याचं काय? ही माणूस न्हाई?"

चांगुणा तांब्याभर पाणी प्यायली आणि रडणाऱ्या लेकराला घेऊन उठली. पातेलं फोडावं असं मला वाटलं.

बाजाराच्या दिवशी जनकाबाईनं मला तांबटासमोर टाकलं. "हिचं तोंड अर्धं कर."

"काहून? समदे तर मोठी मागून राहिले!"

"ज्याला लागंल तो पुन्यांदा मागंल."

कातर चालली, कानस फिरली. दुखलं.

पुढच्या लग्नात पाहुण्यांनी नाकं मुरडली. जनकाबाई पंगतीतून फिरत म्हणाली, "पायजे तेवढ्या बारी मागा, लाजू नका. पर पानात टाकू नका." कुरकुरत का होईना, त्यांनी मागून घेतलं आणि पानं रिकामी केली.

शेवटच्या पंगतीला मुंजाजी स्वतः वाढायला आला. चांगुणाला त्यानं वाढलं, पुन्हा वाढलं. तो परत मला पुढे करू लागला, तेव्हा तिनं पानावर हात आडवा धरला. "पुरं, मामंजी." मुंजाजी थांबला. स्वयंपाकिणीच्या तोंडून 'पुरं' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

आता मी विहारात खुंटीवर असते. आजूबाजूच्या गावांत अजून मोठ्या पळ्या धावतायत, हातांवर ओततायत. तुम्हीही मांडव घालाल, पंगती उठवाल. जाताना एकदा मागं वळून शेवटचं पान बघा. तिथून 'पुरं' ऐकू आलं नाही, तर तुमची इज्जत उकिरड्यावर पडली आहे असं समजा.